हस्तकला सोपी, हॉल अवघड

पहिली ते चौथीच्या मुलांकडून हस्तकला करून घ्यायला पैसे फारसे लागत नाहीत. घोटीव कागद, जुनी वर्तमानपत्रं, पुठ्ठे, रिकाम्या काड्यापेट्या एवढ्यावर अख्खी मे महिन्याची सुट्टी निघते. लागतो तो हॉल. आमच्या सिंहगड रस्त्यावरच्या सोसायटीत हॉल अर्ज केल्यावर मिळतो. निदान फलकावर तरी तसं लिहिलेलं आहे.

मुलं जमवायला कष्ट पडले नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकला आणि संध्याकाळपर्यंत यादी भरली. मे महिन्यात चार ते सहा कोणी पोरं सांभाळणार म्हटल्यावर आया 'काय शिकवणार' हेही विचारत नाहीत. कार्डशीट आणि घोटीव कागद अप्पा बळवंत चौकातून आणले, मणी आणि आइस्क्रीमच्या काड्या बोहरी आळीतून. दोन्हीकडे सुटं घेऊ नका, गठ्ठाच घ्या. आणि दुचाकीवर कार्डशीट आणणार असाल तर गुंडाळी करून घ्या, नाहीतर अलका चौकापर्यंत तिची शिडं होतात.

मग अर्ज. त्यात 'कार्यक्रमाचे स्वरूप' या रकान्यापुढे चार चौकटी आहेत: वाढदिवस, घरगुती समारंभ, धार्मिक, व्यावसायिक. धार्मिकला भाडं नाही, अनामत नाही. मी चारही सोडून खाली 'मुलांची हस्तकला' असं लिहिलं. ऑफिसातल्या मुलाने अर्ज परत केला. "मॅडम, चौकटीच्या बाहेर लिहायचं नाही."

सेक्रेटरींकडे गेले. ते दाराशीच म्हणाले, "वहिनी, सामानाचे पैसे घेता ना तुम्ही मुलांकडून?"

"घेते. सगळ्या महिन्याचे मिळून माणशी पन्नास रुपये. त्यातलं काही उरत नाही."

"उरतं की नाही हा प्रश्न नाही. देवाणघेवाण आली की व्यावसायिक."

व्यावसायिकचं एका दिवसाचं भाडं ऐकलं आणि मनात हिशोब केला: तेवढ्यात सगळ्या पोरांना दिवाळीपर्यंत कागद पुरला असता. मी पैसे घेणं बंद केलं, ज्याने त्याने घरून सामान आणावं असं कळवलं आणि 'घरगुती समारंभ'वर खूण केली. तर म्हणे तुम्ही भाडेकरू, मूळ मालकाची संमती जोडा. मालक बंगळुरूला. त्यांनी बिचाऱ्यांनी तासाभरात सही करून फोटो पाठवला. फोटो चालत नाही, मूळ प्रत हवी. ती कुरिअरने आली तोवर कमिटीची मासिक सभा होऊन गेली होती, आणि पुढची गणपूर्तीअभावी तहकूब झाली. कोण कोण आलं नव्हतं ते मला माहीत आहे. ते सगळे त्या वेळी खाली कट्ट्यावर बसले होते.

इकडे मुलं रोज दार वाजवत होती. "काकू, आज आहे का?" मी त्यांना जिन्यात बसवून टोप्या करायला दिल्या. वर्तमानपत्राची टोपी कुठल्याही कमिटीला न विचारता करता येते.

शेवटी निरोप आला: साहित्याची यादी द्या. दिली. ती लाल पेनाने सुशोभित होऊन परत आली. फेविकॉल: फरशीला चिकटते. पोस्टर कलर: भिंती नुकत्याच रंगवल्या आहेत. कात्री: इजा झाल्यास जबाबदारी कोणाची? चमकी यावर तर दोन रेघा. टाचण्या मात्र कोणाच्या नजरेला पडल्या नाहीत.

फेविकॉलच्या जागी मी 'मैदा' लिहिलं. पिठाला कोण हरकत घेणार? खळ म्हणजे एक वाटी मैदा आणि चार-पाच वाट्या पाणी. आधी थंड पाण्यात गुठळ्या मोडायच्या, मग मंद आचेवर ढवळत राहायचं, पांढरटपणा जाऊन चकाकी आली की उतरवायचं. कागदाला कागद चिकटवायला ती उत्तम. मणी किंवा काड्या मात्र तिने धरत नाहीत. बाइंडर लोक खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. तो विषारी असतो, मुलांच्या खळीत अजिबात घालू नका. रोजची रोज करा. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतोच. आणि वाटी मधे ठेवू नका, प्रत्येकाला पुठ्ठ्याच्या तुकड्यावर चमचाभर द्या. वाटी मधे ठेवली की भांडण ठरलेलं.

कात्रीचं काय करायचं? वर्तमानपत्र उभं फाडलं तर बऱ्यापैकी सरळ फाटतं, आडवं फाडलं की वेडंवाकडं जातं, कारण कागदाचे तंतू एका दिशेने लागलेले असतात. मुलांना हे दाखवलं की ती अर्धा तास नुसती फाडतच बसतात. त्या पट्ट्यांची चटई विणता येते, एक पट्टी वरून, एक खालून. जाड कागद असेल तर घडीवर नख फिरवायचं, घडी उलटसुलट दोन-तीनदा दुमडायची, मग तो रेघेत सुटतो. कात्रीला बंदी घातल्यामुळे मुलांची बोटं तयार झाली, असं सेक्रेटरी आता लोकांना सांगतात. तसं काहीही नाही. बोथट टोकाच्या कात्र्या माझ्या पिशवीच्या तळाशी पहिल्यापासून होत्या. डावखुऱ्या मुलांसाठी वेगळी कात्री मिळते, तीही एक ठेवा. साध्या कात्रीने त्यांचा कागद कापला न जाता पात्यांत दुमडतो आणि पोरगं उगाच स्वतःला ढ समजतं.

रंगकाम पार्किंगमध्ये नेलं. भेंडी आडवी कापून तिचे ठसे घेतले तर पाच पाकळ्यांचं फूल उमटतं. वॉचमनच्या केबिनमागे पडलेले कुरिअरचे खोके फुकट मिळाले, त्यांचा तपकिरी पुठ्ठा वारलीला आयता. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन जमले की वारली जमते. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे माणसाचं धड. जिव्या सोमा मशे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली ती याच चित्रांसाठी, हे सांगितल्यावर तिसरीतल्या एकाने माझा खोका सोसायटी विकत घेईल का, असं विचारलं. मी म्हटलं, अर्ज करावा लागेल.

हॉल मिळाला तेव्हा सुट्टी संपत आली होती. तिथल्या पंख्याला रेग्युलेटर नाही. एक तर बंद, नाहीतर वादळ. घोटीव कागद खोलीभर उडाले. प्रत्येकाची पाण्याची बाटली कागदावर ठेवायची हा त्यावरचा उपाय. त्या दिवशी भिरभिरी केली. पंधरा सेंटिमीटरचा चौरस, चारही कोपऱ्यांतून मध्याकडे दोन तृतीयांशापर्यंत काप, एकाआड एक टोक मध्यावर आणून टाचणी. कागद आणि काडी यांच्यामध्ये एक मणी घालायचा, नाहीतर कागद काडीला घासतो आणि भिरभिरं अडतं. पहिलीतली एक मुलगी जिभेचं टोक बाहेर काढून तो मणी टाचणीवर बसवत होती. मणी दोनदा घरंगळला, तिने दोनदा शोधून आणला, मला हात लावू दिला नाही. बसल्यावर भिरभिरं पंख्याखाली धरलं आणि ओरडली, "काकू, दिसेना झालं!"

हो, राहिलंच. काड्यापेटीच्या काड्यांचा गूल खरवडून, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे सांध्याला लावून आकार करता येतात. अरविंद गुप्तांची ही युक्ती. पुण्यातल्या आपल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी बरीच वर्षं अशी टाकाऊतून खेळणी करून घेतली. त्रिकोण दाबला तर तसाच राहतो, चौकोन लगेच कलतो. गूल मात्र आपण घरी खरवडून न्यायचा. आणि ए-फोर कागदाचा चौरस करायला पट्टी लागत नाही: एक कोपरा तिरका दुमडून समोरच्या कडेवर आणा, उरलेली पट्टी फाडा.

अनामत रक्कम पूर्ण परत मिळाली नाही. 'फरशीवर चमकी आढळली' म्हणून कापली. चमकी माझ्या यादीतून त्यांनीच खोडली होती. ती आदल्या दिवशीच्या वाढदिवसाची. तक्रारीचा अर्ज दिला आहे, पुढच्या सभेत येईल म्हणतात.

तुमच्याकडे दिवाळीत मुलांकडून आकाशकंदील करून घ्यायचे असतील तर हॉलचा अर्ज गणपतीतच टाकून ठेवा. मी टाकलाय. या वेळी खूण 'धार्मिक'वर केली आहे.