मामाचा कारवानी

आज चाकूरकडं मामाच्या शेतावर गेलतो. सोयाबीन निघालेल्या रानातून एक बदामी रेघ सुसाट गेली आणि बांधावर येऊन उभी राहिली. मामाचा राजा, कारवानी जातीचं शिकारी कुत्रं. लांब तोंड, खोल छाती, पोट पार पाठीला टेकलेलं.

"मामा, उपाशी ठेवता का याला?"

"सगळे हेच म्हणायलेत! दोन-तीन बरगड्या दिसल्याच पाहिजेत. कमरेची हाडं वर आली, तर मातर समजायचं खुराक कमी पडायलाय."

हे कुत्रं वासापेक्षा नजरेवर चालतं. लांब काहीतरी हललं की निघालंच, मग हाका मारून उपयोग नाही. म्हणून रस्त्याकडंला मामा साखळी सोडत नाहीत. पूर्वी सशामागं सोडायचे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ते बंद, आणि बरंच झालं. पण पळायचं वेड रक्तातच. ते सकाळी मोकळ्या रानात भागवायचं, जेवल्यावर मात्र अजिबात नाही, खोल छातीच्या कुत्र्याला पोटफुगी जिवावर बेतू शकते.

मामांनी माझ्यासमोर त्याचा पंजा उघडला, बोटांच्या बेचक्यातला गोचीड चिमट्यानं अलगद काढला. राजानं हूं की चूं केलं नाही. मी हात लावायला गेलो तर मात्र मान फिरवली! अंगावर चरबी नाही, त्यामुळं कोपरांना घट्टे पडतात. त्याला दुहेरी गोणपाट अंथरलेलं. ऑपरेशनची वेळ आली तर भुलीआधी डॉक्टरला जात सांगायची, असंही मामांनी बजावलं. अशा कुत्र्यांवर भूल जास्त वेळ राहते.

लोकं हजारो रुपये मोजून बर्फातलं हस्की कुत्रं आणायलेत. लातूरच्या उन्हात!

निघताना राजा गाडीपर्यंत आला. मला वाटलं, ओळख पटली. त्याचं लक्ष मागच्या शेळीवर होतं.