औषधाला न जुमानणाऱ्या उवा : आमच्या घराचा अनुभव

जुलैच्या पहिल्या आठवड्यात, चौथीत शिकणाऱ्या माझ्या मुलीच्या वेण्या घालताना तिच्या कानामागे लिखा दिसल्या. औषधाच्या दुकानातून एक टक्का परमेथ्रिन असलेले लोशन आणले आणि सोबतच्या कागदावर लिहिल्याप्रमाणे दहा मिनिटे ठेवून केस धुतले. दुसऱ्या दिवशी सकाळी विंचरले, तर तिळाएवढ्या, पूर्ण वाढलेल्या उवा फणीतून पांढऱ्या पंचावर पडल्या आणि चालू लागल्या. मेलेली एकही नव्हती. लावण्यातच माझे काहीतरी चुकले असे समजून मी नवव्या दिवशी तेच औषध पुन्हा लावले, आणि त्यानंतर आठवड्याने तिसऱ्यांदा, तेही अर्धा तास ठेवून. हे तिसरे लावणे मी करायला नको होते. मुलीची टाळू लाल झाली, आग होऊ लागली, आणि उवा होत्या तशाच राहिल्या.

या काळात शाळेतून दोनदा निरोप आला की केस बारीक कापा आणि स्वच्छता पाळा. आमच्या घरी दर दोन दिवसांआड तिचे न्हाणे होते, त्यामुळे हा निरोप मला फार लागला. उवांना स्वच्छ केस आणि मळलेले केस सारखेच असतात, कारण त्यांना हवे असते ते टाळूतले रक्त. माझी मुलगी तिसऱ्या आठवड्यात कोणी न सांगताच आजीच्या कुशीतून उठून वेगळी चटई घालून झोपू लागली, तेव्हा मी त्वचारोगतज्ज्ञांकडे जायचे ठरवले.

सासूबाईंनी त्याआधी सीताफळाच्या बिया वाटून लावण्याचे सुचवले होते, आणि त्यांच्या लहानपणी तो उपाय घरोघरी होत असे. डॉक्टरांनी त्यांना नीट समजावून सांगितले की त्या पुडीचा कण डोळ्यात गेला तर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला जखमा होतात आणि असे रुग्ण डोळ्यांच्या डॉक्टरांकडे येत असतात. सासूबाईंनी घरी आल्याबरोबर बियांची बरणी रिकामी केली. रॉकेलचा विचार तर कोणीच करू नये, कारण त्याने टाळू भाजते आणि जवळ ज्योत असली तर जिवावर बेतते.

डॉक्टरांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा की, औषध लावल्यावर कोणत्या दिवशी आणि केवढ्या उवा दिसल्या. आठ-दहा दिवसांनी अगदी बारीक पिल्ले दिसली, तर औषधातून वाचलेल्या लिखा फुटल्या असे समजावे. काही दिवस डोके साफ राहून पुन्हा मोठ्या उवा दिसल्या, तर त्या दुसऱ्या कोणाकडून आल्या असाव्यात. पण औषधानंतर आठ-बारा तासांनीही मोठ्या उवा पूर्वीइतक्याच चपळ असतील, तर औषधच त्यांच्यावर चालत नाही. आमचे तिसरे होते. परमेथ्रिन हे शेवंतीच्या कुळातल्या फुलांमधील कीटकनाशक द्रव्याच्या धर्तीवर बनवलेले औषध असून ते उवेच्या मज्जातंतूंवर घाव घालते. ज्या उवांमध्ये नेमकी तीच जागा बदललेली असते, त्या वाचतात आणि त्यांचीच वीण पुढे वाढते. म्हणून तेच औषध जास्त वेळ ठेवून काही साधत नाही, हे मला एक महिना आधी कळायला हवे होते.

डॉक्टरांनी त्याच दिवशी घरातल्या सर्वांची डोकी तपासायला लावली. मुलगी, मी आणि सासूबाई अशा तिघींच्या डोक्यात उवा होत्या, आणि तीन वर्षांच्या धाकट्याच्या डोक्यातही दोन निघाल्या. आम्हा तिघींना वजनाप्रमाणे आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या दिल्या आणि दुसरी मात्रा नवव्या दिवशी घ्यायला सांगितली, कारण ही गोळी लिखा मारत नाही. धाकट्याचे वजन तेरा किलो होते. पंधरा किलोंच्या आतल्या मुलांना ही गोळी देत नाहीत, त्यामुळे त्याचा सारा भार फणीवरच होता.

फणीचे काम मात्र चौघांचेही केले, आणि माझ्या मते आम्ही तरलो ते त्यामुळेच. ओल्या केसांना भरपूर कंडिशनर लावायचे, आधी कंगव्याने गुंता काढायचा, मग लांब दातांच्या स्टीलच्या फणीने टाळूपासून टोकापर्यंत बट-बट विंचरायची आणि प्रत्येक वेळी फणी पांढऱ्या कापडावर पुसून पाहायची. ओल्या, बुळबुळीत केसांत उवांना पळता येत नाही. मुलीच्या केसांना पाऊण तास लागत असे. पहिला, पाचवा, नववा, तेरावा आणि सतरावा दिवस मी कालनिर्णयावर खुणा करून ठेवले होते. लीख साधारण आठवडाभरात फुटते आणि पिल्लाला अंडी घालण्याजोगे व्हायला आणखी नऊ ते बारा दिवस लागतात, म्हणून मधला एकही दिवस चुकवता येत नाही.

उशांचे अभ्रे, पंचे आणि ओढण्या गरम पाण्यात धुतल्या, फण्या उकळत्या पाण्यात बुडवल्या. एवढे पुरे झाले. डोक्यावरून खाली पडलेली ऊ रक्ताविना एक-दोन दिवसांत मरते, त्यामुळे गाद्यांवर फवारणी करायला डॉक्टरांनी मना केले.

वर्गशिक्षिकांना मी स्वतः भेटले आणि कोणाचे नाव न घेता वर्गातल्या सर्व पालकांना एकाच रविवारी डोकी तपासायला सांगण्याची विनंती केली. आणखी चार मुलींच्या डोक्यात उवा निघाल्या. केसांना चिकटून राहिलेल्या पांढऱ्या टरफलांवरून मुलीला पुन्हा कोणी बोलू नये म्हणून मी त्यांना एवढेही सांगितले की केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतात, आणि टाळूपासून त्याहून दूर गेलेली लीख बहुधा रिकामी असते.

नवव्या दिवशी पंचावर पाच बारीक पिल्ले पडली, तेराव्या दिवशी एक, आणि सतराव्या दिवशी काहीच पडले नाही. दसऱ्यानंतर एकदा मुलीच्या डोक्यात पुन्हा एक मोठी ऊ सापडली. त्या वेळी मी औषधाच्या दुकानात गेले नाही. त्याच संध्याकाळी कंडिशनर आणि फणी घेऊन चौघांनाही ओळीने पाटावर बसवले आणि कालनिर्णयावर पुन्हा पाच खुणा केल्या.