तबकडीचा फोन
आज माळ्यावरून काळा फोन खाली काढला. तबकडीच्या भोकात कुलूप अजून तसंच!

शून्य फिरवला की तबकडी परत येताना लाइनवर विजेचे दहा ठोके जातात, एकाला एकच; त्यावरूनच एक्स्चेंजला आकडा कळतो. सेकंदाला साधारण १०. आतलं वंगण सुकलं की तबकडी रेंगाळते, ठोके चुकतात, राँग नंबर लागतो. पलीकडे आपला आवाज बारीक जायला लागला तर रिसीव्हर तळहातावर आपटायचा. माउथपीसमधले कोळशाचे बारीक कण घट्ट बसलेले असतात, ते मोकळे होतात.

आणि कुलूप? निव्वळ मनाचं समाधान. रिसीव्हर ठेवायचा खटका भरभर दाबला की तेच ठोके जातात. पाचसाठी पाच वेळा, मग क्षणभर थांबायचं. शून्य तेवढा जीव खातो. घरोघरच्या पोरांना हे ठाऊक होतं, मोठ्यांना बिल आल्यावर कळायचं.