शिबिर विस्कटतं ते पहिल्या वीस मिनिटांत

मैदानावर खेळ रंगात आलेला असतो आणि ढग गडगडतात. चाळीस मुलं भिजत, ओरडत हॉलमध्ये घुसतात. पुढे काय करायचं हे तिथे कुणालाच ठाऊक नसतं. पावसाने शिबिराचं होतं त्याहून जास्त नुकसान या रिकाम्या वीस मिनिटांत होतं. ढकलाढकली, ओल्या फरशीवर घसरणं, घरच्या आठवणीने रडू फुटणं, सगळं तेव्हाच.

म्हणून वेळापत्रक लिहितानाच प्रत्येक मैदानी सत्रासमोर त्याचं छपराखालचं सत्र लिहायचं आणि त्याचं सामान एका वेगळ्या खोक्यात भरून हॉलमध्येच ठेवायचं, कोठीत नाही. आठ-आठ मुलांचे पाच गट धरले तर खोक्यात प्रत्येक गटासाठी 20 रद्दी वर्तमानपत्रं, एक चिकटपट्टी आणि गाठी शिकायला प्रत्येक मुलाला दीड मीटर दोरी. कागदाचा सगळ्यात उंच मनोरा कोण उभा करतो, एवढं एक वाक्य सांगितलं की काम सुरू. ज्याचे नियम समजावायला पाच मिनिटं लागतात असा खेळ इथे अजिबात चालत नाही. शिवाय टॉवेलांचा एक गठ्ठा आणि फरशी पुसायचं फडकं. ते हमखास राहून जातं.

विजेच्या बाबतीत मात्र अंदाज नको. वीज चमकली की सेकंद मोजायचे. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण 3 सेकंद लागतात, म्हणजे 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज 10 किलोमीटरच्या आत आहे. मैदान लगेच रिकामं करायचं. तंबू, झाड, चारी बाजूंनी उघडी शेड हा आसरा नव्हे. पक्की इमारत किंवा काचा लावलेली, पत्र्याच्या टपाची गाडीच हवी. शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण 30 मिनिटं कुणी बाहेर पडायचं नाही. चूक होते ती दहाव्या मिनिटाला. ऊन पडतं, मुलं मागे लागतात आणि एखादा दादा विरघळतो. घड्याळ एकाच माणसाच्या हातात असावं आणि त्याचा शब्द शेवटचा.

आत आल्यावर पहिलं काम हजेरी. नुसती डोकी मोजू नका; धावपळीत एखादा स्वयंसेवक मोजला जातो आणि आकडा चाळीसच भरतो. प्रत्येक मुलाला शिबिरभर एकच क्रमांक द्यावा आणि तो त्यानेच खणखणीत आवाजात म्हणावा. मित्र त्याच्या वतीने ‘आहे, आहे’ म्हणाला तर ते धरायचं नाही. क्रमांकांची साखळी जिथे तुटते, तिथे पुढचं मूल स्वतःच मागे वळून बघतं. मला ही पद्धत कुठल्याही यादीपेक्षा भरवशाची वाटते.

ताई-दादांपैकी कुणी ऐनवेळी आलं नाही, तर आधी पोहणं आणि उंचावरचे खेळ रद्द करा. 9 ते 14 वयाच्या मुलांच्या मुक्कामी शिबिरात आठ मुलांमागे एक मोठं माणूस हवं. चाळीस मुलांना पाच लागतात, म्हणून सात ठरवून ठेवावेत.

रात्री एका मुलाला उलटी झाली की त्याला वेगळ्या खोलीत झोपवा, सोबत मोठं माणूस ठेवा आणि घरी त्याच रात्री कळवा. उलट्या-जुलाबाच्या काही विषाणूंवर सॅनिटायझरचा फारसा उपयोग होत नाही. साबण लावून 20 सेकंद हात धुवायला लावा. ओआरएसची तयार पाकिटं पेटीत असावीतच. नसतील तर 1 लिटर स्वच्छ पाण्यात 6 सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ, घोटघोट पाजायचं. मीठ जास्त पडलं तर अपाय होतो, तेव्हा मोजूनच घाला. पाणीही पोटात ठरत नसेल किंवा मूल मलूल दिसलं तर लगेच डॉक्टर गाठा. त्रास थांबल्यावर 48 तास ते मूल गटात नको आणि वाढपाच्या कामावर तर नकोच.

उरला पालकांचा निरोप. तो एकाच माणसाने, एकाच मजकुरात पाठवावा: काय झालं, किती मुलं कुठे आहेत, आता काय चाललंय आणि पुढचा निरोप किती वाजता. साडेसहा लिहिलं असेल तर साडेसहाला निरोप गेलाच पाहिजे, नवीन काही सांगण्यासारखं नसलं तरीही. दहा मिनिटं उशीर झाला की चाळीस घरांतून फोन सुरू होतात आणि मुलांजवळ असायला हवा तो माणूस फोनवर अडकतो.