आप्पांच्या येझदीचं इंजिन

रविवार

आप्पांच्या जुन्या येझदी मोटारसायकलचं इंजिन आज फ्रेममधून खाली उतरलं. गच्चीवर आईचे बिबडे (ज्वारीचे पापड) वाळताहेत, तिथे पाय ठेवायची सोय नाही. म्हणून ओसरीत जुन्या पलंगाच्या फळीवर काम मांडलंय. अमळनेरचं मे महिन्यातलं ऊन, दुपारी पाना अंगणात राहिला तर हात लावता येत नाही. काम सकाळी लवकर आणि दिवेलागणीनंतर, असंच चालेल.

बाहेरून इंजिन कुठलं आणि माती कुठली ते कळत नव्हतं. आप्पा या गाडीवर शेतात जायचे, पावसाळ्यातसुद्धा. आपली काळी माती एकदा ऑईलमध्ये कालवली गेली आणि वर इंजिनाची धग बसली की तिचा डांबरासारखा थर होतो. ब्लॉकच्या, म्हणजे सिलिंडरच्या, बाहेरच्या पातळ पट्ट्या, फिन्स, निम्म्याहून जास्त बुजल्या होत्या. या इंजिनाला थंड ठेवणारी फक्त हवा, आणि हवेलाच वाट नाही. चढावर गाडी तापून बंद पडते ही आप्पांची जुनी तक्रार मला तिथेच उलगडली.

मी डिझेलचा डबा आणि ब्रश घेऊन बसलोच होतो, तेवढ्यात नाना मिस्तरी आले. आयुष्यभर येझदी, राजदूत उघडलेला माणूस. म्हणाले, “आधी देखी ले भाऊ, मंग पुसजो.”

मग तासभर नुसतं बघितलं. क्लचच्या झाकणाखाली ओलं, काळं ऑईल होतं, मॅग्नेटच्या (वीज तयार करणाऱ्या भागाच्या) बाजूला मात्र कोरडी धूळ. हेड आणि ब्लॉकच्या सांध्याला एकाच ठिकाणी काजळीचा पट्टा, म्हणजे तिथून कॉम्प्रेशन, सिलिंडरमधला दाब, निसटत होतं. सगळ्याचे फोटो काढले. आधीच धुऊन टाकलं असतं तर यातलं काही हाती लागलं नसतं. माझं तर मत झालंय की जुनं इंजिन थेट वॉशिंग सेंटरला नेऊच नये.

रविवार, रात्री

कार्ब्युरेटरचं तोंड आणि सायलेन्सरची दोन्ही भोकं चिंध्यांचे बोळे घालून बंद केली. सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन, ही येझदीची खूण. मग वरून डिझेल. रॉकेल हल्ली सहज मिळत नाही आणि पेट्रोल घरात नको. डिझेल मुरू दिलं, बांबूच्या कामटीने फिन्सच्या मधली माती उकरली आणि पितळी ब्रश मारला. लोखंडी ब्रशने ॲल्युमिनियमवर ओरखडे पडतात.

कुणीतरी कॉस्टिक सोडा सुचवला होता. लोखंडी ब्लॉकला तो चालेल, पण चेंबर (क्रँक आणि गिअर ज्यात बसतात ती खालची पेटी) आणि हेड ॲल्युमिनियमचे. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातो, फेस येतो, वर हायड्रोजन सुटतो. घरात तो डबा आणायचाच नाही.

मंगळवार

झाकणांचे स्क्रू. सगळे सारख्या लांबीचे नसतात. पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढला आणि निघेल तो स्क्रू त्याच्या जागी खोचत गेलो. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर आतल्या भागावर टेकतो किंवा चेंबरच फोडतो. जाम झालेल्यांना हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर. दाब आणि पीळ एकाच ठोक्यात बसतो, म्हणून खाच झिजत नाही.

हेडचे नट आडव्या-उभ्या क्रमाने थोडे थोडे सैल केले. हेड निघालं आणि पिस्टन दिसला. वर जाड काजळी, आणि ती खरवडल्यावर कोरलेला आकडा: 65.50. मूळ बोर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 65 मिलिमीटर. म्हणजे ब्लॉक आधी बोरिंगला, आतून कातून मोठा करायला, जाऊन आलाय. आप्पांना विचारलं तर म्हणाले, “तुझ्या आत्याच्या लग्नाच्या वर्षी.” बाकी काही आठवेना, पण तेवढं पक्कं आठवत होतं. मग बराच वेळ ते पिस्टन हातात घेऊन बसले. मी काही बोललो नाही.

सायलेन्सरच्या भोकांत काजळी इतकी की वाट पाऊण राहिली होती. आप्पा पेट्रोलमध्ये ऑईल अंदाजाने टाकायचे, आणि कमी पडण्यापेक्षा जास्त बरं हा त्यांचा हिशोब. जास्तीचं ऑईल नीट जळत नाही, ते इथे येऊन बसतं. लाकडी खुंटीने काढलं. पिस्टनवरच्या रिंगांच्या खाचा साफ करायला नानांनी जुनी रिंग मोडून तिचा तुकडा दिला. खाचेच्या बरोब्बर मापाचं हत्यार! एवढं जपायचं की खाचेतली छोटी पिन दुखावता कामा नये. येझदीसारख्या टू-स्ट्रोकमध्ये रिंग फिरून तिचं टोक पोर्टमध्ये (सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकात) अडकू नये म्हणून ती पिन असते.

गुरुवार

चेंबर उघडला. तळाशी गिअरबॉक्सचं दाट ऑईल साचलेलं. क्लचच्या बाजूचं क्रँकचं ऑईल सील दगडासारखं कडक झालंय, तिथून इंजिन गिअरचं ऑईल ओढत होतं. गावात ही गाडी धुरावरूनच ओळखली जायची, त्याचं मूळ हे.

हे सगळ्यांनी लक्षात घ्यावं असं वाटतं. टू-स्ट्रोकमध्ये चेंबर म्हणजे नुसती पेटी नाही, तो पंप आहे. पिस्टन वर गेला की मिश्रण चेंबरमध्ये ओढलं जातं, खाली आला की तेच दाबून वर ढकललं जातं. सील किंवा सांधा जरा जरी गळला तरी सगळी ताकद तिथेच जाते. त्यामुळे बाहेरून बफिंग मारून चकाकी आणण्यात मला रस नाही. वाळूच्या साच्यातून निघालेला मूळ खरखरीतपणा राहू दे. मेहनत घ्यायची ती सांध्याच्या पृष्ठभागावर. चिकटलेलं जुनं पॅकिंग स्क्रू ड्रायव्हरने खरवडायचं नाही, डिझेलमध्ये भिजवून लाकडी पट्टीने सोलायचं. मग काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून चेंबर हलक्या हाताने आठाच्या आकारात फिरवला. उंच भाग आधी चमकतो. सगळीकडे एकसारखी झाक येईपर्यंत थांबायचं नाही.

बेअरिंग ठोकून काढली नाहीत. चेंबर शेगडीवर हळूहळू तापवला. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. पाण्याचा थेंब टाकला, चर्र करून उडाला. फडक्याने धरून लाकडावर पालथा आपटला, आणि बेअरिंग आपसूक खाली आलं. नानांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसलं ते मला बक्षिसाइतकं वाटलं.

शनिवार

सगळे भाग साबणाच्या गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवले. बिबडे डब्यात गेल्यामुळे गच्ची मोकळी झालीय. लोखंडी भागांना लगेच ऑईलचा हात दिला.

ब्लॉक सोमवारी धुळ्याला बोरिंगला जाईल. नवा पिस्टन आधी, मग त्याच्या मापाने बोर, उलटं नाही. म्हैसूरचा कारखाना 1996 ला बंद झाला, तेव्हा पिस्टन मिळेल त्या मापाचाच घ्यावा लागेल. आप्पा सोबत येतो म्हणालेत. ब्लॉक परत आला की पुन्हा साबण आणि गरम पाणी, कारण होनिंगची (बोरिंगनंतर आतून घासण्याची) बारीक पूड डिझेलने नीट निघत नाही. पांढरं फडकं आतून फिरवायचं, आणि ते पांढरंच बाहेर येईपर्यंत धुवायचं.