कॅमडेन ते विल्मिंग्टन सायकलने, आणि रीडी पॉइंटच्या पुलाबद्दल थोडं जास्तच

सगळ्यात आधी हे सांगतो, अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातला हॅरिएट टबमन बायवे (टबमन म्हणजे गुलामगिरीतून स्वतः पळालेली आणि मग इतरांना सोडवून आणणारी काळी बाई) हा ट्रेल नाहीये. मला एका ओळखीच्या सायकलवाल्याने छातीठोकपणे सांगितलं होतं की अख्खा रूट सायकलला मस्त आहे, कडेने पट्टा आहे, डोळे झाकून जा. बायवे म्हणजे गाडीने फिरायचा ९८ मैलांचा रस्ता, पाट्या आहेत त्या गाडीवाल्यांसाठी, आणि मधे मधे तर सरळसरळ हायवे आहे. रोज तीस मैल सायकल मारायची सवय असेल, पंक्चर स्वतः काढता येत असेल तरच हे पुढचं वाचा, नाहीतर गाडी घेऊन जा, एका दिवसात होतं, त्यात काही कमीपणा नाही.

मी आणि माझा भाचा ऑक्टोबरात तीन दिवस गेलो. कारण टॉमस गॅरेट. विल्मिंग्टनचा क्वेकर (हा एक ख्रिस्ती पंथ, त्यांच्या प्रार्थनेच्या जागेला मीटिंग हाऊस म्हणतात), लोखंडाचा व्यापारी, गुलामगिरीतून पळून आलेल्या सुमारे २७०० माणसांना त्याने पुढे पेन्सिल्व्हेनियाला पोचवलं, तेही डेलावेअरसारख्या गुलामगिरी कायदेशीर असलेल्या राज्यात, सगळ्या गावाला माहीत असताना. टबमनचं नाव सगळ्यांना माहिती असतं, पण ती ज्याच्या दारात येऊन थांबायची त्याचं नाव मलाही चाळिशीपर्यंत माहीत नव्हतं, आणि ते कळल्यापासून हा रस्ता डोक्यात होता.

आता पैशाचं. विल्मिंग्टनहून कॅमडेनला दोन माणसं आणि दोन सायकली सोडायला एका व्हॅनवाल्याने फोनवर ९० डॉलर सांगितले, आणि उतरल्यावर १६० मागितले, म्हणे सायकलचे वेगळे. पाऊण तास वाद घातला, शेवटी दिले, कारण ऊन वर येत होतं. लेखी घ्या, मेसेजमध्ये तरी घ्या. त्यापेक्षा वीकडेला विल्मिंग्टन ते डोव्हर डार्टची, म्हणजे राज्याच्या बससेवेची, बस आहे, पुढे सायकलचा रॅक असतो, डोव्हरहून कॅमडेन तीन-चार मैल. आम्ही शनिवार धरून बसलो ती चूक झाली.

पहिला दिवस कॅमडेन ते ओडेसा, सत्तावीस-अठ्ठावीस मैल, सपाट, शेतं, काही त्रास नाही. कॅमडेनचं क्वेकर मीटिंग हाऊस १८०५ चं आहे, तिथल्या दफनभूमीत जॉन हन आहे, त्याचं पुढे येतंच. डोव्हरला एवढं लक्षात ठेवून थांबा की सॅम्युएल बरिस नावाच्या स्वतंत्र काळ्या माणसाला, जो पळून आलेल्यांना रात्री वाट दाखवत आणायचा, त्याचीच शिक्षा म्हणून इथे लिलावात उभं केलं होतं. आयझॅक फ्लिंट नावाच्या माणसाने व्यापाऱ्याचं सोंग घेऊन, बाकीच्या व्यापाऱ्यांसारखं त्याचं अंग चाचपून बघून बोली लावली आणि विकत घेतल्यावर हळूच कानात सांगितलं की तुला सोडवायला आलोय. त्या बरिसला गव्हर्नर जॅक मार्केल यांनी माफी दिली ती २०१५ साली!

ओडेसाचं मीटिंग हाऊस बघून मात्र मी जरा वेळ गप्पच झालो. १७८५ चं, विटांचं, जेमतेम वीस फूट बाय वीस फूट. आपल्याकडच्या गावातलं मारुतीचं देऊळ याहून मोठं असतं. याच्या माळ्यावर माणसं लपवायचे असं सांगतात. बाहेरून चारी बाजूंनी फिरून बघितलं, छपराचा उतार सुरू होतो तिथे माळ्याला उंची किती मिळत असेल ते डोळ्यांनी मोजलं, बसता येईल, उभं राहता येणार नाही. आत जायचं असेल तर आधीच विचारून ठेवा.

दुसरा दिवस. याच्यासाठीच हे सगळं लिहायला बसलोय.

ओडेसाहून न्यू कॅसलला जायचं तर मधे चेसपीक-डेलावेअर कालवा आडवा येतो. साधा कालवा नाही, मोठी जहाजं जातात, म्हणून पूल प्रचंड उंच. त्या सायकलवाल्याने सांगितलं होतं की रूट ९ ने पोर्ट पेनवरून जा, खाडीकाठचा रस्ता आहे, गर्दी नसते. पोर्ट पेनपर्यंत खरंच होतं. मग रीडी पॉइंटचा पूल आला. दोन लेन, कडेला सायकलला म्हणावी अशी जागा नाही, चढ संपता संपत नाही आणि वर पोचलात की डेलावेअर नदीवरून येणारा आडवा वारा सायकल ढकलून लेनच्या मधे नेतो. मागून एक ट्रक आला, पुढून एक, मी कठड्याला खांदा लावून उभा राहिलो आणि भाचा मागून ओरडत होता, "मामा उतरू नका, मामा चालत राहा". खाली बघायचं नाही ठरवलं होतं तरी बघितलं. उतरताना ब्रेक दाबून दाबून बोटं आखडली. पलीकडे गेल्यावर दहा मिनिटं गवतात बसून राहिलो, पाणी प्यायलो, आणि पुढे डेलावेअर सिटीच्या रिफायनरीजवळून परत ट्रकच.

तर स्पष्ट सांगतो, रीडी पॉइंटवरून सायकल नेऊ नका. किती का चालवत असाल. ओडेसाहून रूट १३ च्या बाजूने सेंट जॉर्जेसचा जुना पूल धरा, तोही उंच आहे पण कडेला जागा आहे. खाडीकाठचा देखावा पाहिजे असेल तर पोर्ट पेनपर्यंत जाऊन परत फिरा. आणि जुलै-ऑगस्टमध्ये खाडीकडे जाऊच नका, हिरव्या डोळ्यांच्या माश्या कपड्यावरून चावतात.

पण गवतात बसलो होतो तेव्हा भाच्यानेच विचारलं, त्या लोकांनी हा कालवा कसा पार केला असेल? कालवा १८२९ पासून आहे, म्हणजे दक्षिणेकडून रात्रीचं चालत येणाऱ्या प्रत्येकाला तो आडवा होता आणि पार करायला ठरावीकच जागा, जिथे कोणीही बसून वाट बघू शकतं. नकाशात ती फक्त निळी रेघ दिसते. डिसेंबर १८४५ ला बरिस डझनभर लोकांना घेऊन बर्फातून मिडलटाउनजवळ हनच्या शेतावर आला (कॅमडेनच्या दफनभूमीतला तोच क्वेकर जॉन हन), त्यात सॅम्युएल हॉकिन्स, त्याची बायको एमेलिन आणि सहा मुलं. नवरा स्वतंत्र, बायको-मुलं गुलाम. शेजाऱ्यांनी बघितलं, कॉन्स्टेबल आला, आणि हॉकिन्स कुटुंबाला न्यू कॅसलच्या तुरुंगात नेलं. कालवा त्यांनी ओलांडला तो कैदी म्हणून.

न्यू कॅसलला संध्याकाळी पोचलो, पाय थरथरत होते, गाव सुंदर आहे, सकाळी बघा. कोर्ट हाऊस मात्र नीट वेळ काढून बघा, निघायच्या आधी उघडण्याचे दिवस तपासा. १७३२ ची इमारत, वर छोटा घुमट. गॅरेट विल्मिंग्टनहून इथे आला, अटकेचे कागद बघितले, त्यात दोष निघाला, आणि मुख्य न्यायाधीश बूथ यांनी हॉकिन्स कुटुंबाला सोडलं. गॅरेटने तिथल्या तिथे भाड्याची बग्गी करून त्यांना पुढे धाडलं. त्याबद्दल मालकांनी गॅरेट आणि हनवर केस टाकली, मे १८४८ ला ह्याच इमारतीत चालली, न्यायाधीशांमध्ये रॉजर टॉनी, तोच ज्याने पुढे १८५७ ला ड्रेड स्कॉटचा, म्हणजे काळा माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही असा, निकाल दिला. गॅरेटला ५४०० डॉलर दंड. कफल्लक झाला आणि कोर्टातच भाषण केलं असं सगळीकडे वाचायला मिळतं, मीही तेच धरून गेलो होतो, पण नंतर तडजोडीत रक्कम १५०० वर आली आणि त्याचं दुकान चालूच राहिलं. मला हे जास्त भावलं. दंड भरून माणूस परत दुकान उघडतो आणि पुढची जवळजवळ पंधरा वर्षं तेच काम करतो.

आणि कोर्टाच्या घुमटाकडे वर बघा. डेलावेअर-पेन्सिल्व्हेनियाची हद्द ही ह्या घुमटापासून बारा मैलांचा कंस आहे. म्हणजे जिथे दंड ठोठावला तिथूनच मोजलेल्या रेषेपलीकडे गुलामगिरी संपत होती.

तिसरा दिवस न्यू कॅसल ते विल्मिंग्टन, जॅक मार्केल ट्रेल, एकही गाडी नाही, दलदलीवरून लाकडी पूल, लहान मुलांनाही चालेल. वरचं माफीवालं नाव तेच. विल्मिंग्टनला नदीकाठी टबमन-गॅरेट पार्क आहे, दोघांचा पुतळा आहे, त्याच्या बाजूला मार्केट स्ट्रीटचा पूल. १८५६ ला ह्याच जागी पहारा बसला होता म्हणून गॅरेटने गवंड्यांना पाठवलं, सकाळी गाणी म्हणत, आरडाओरडा करत गाड्यांमधून पलीकडे गेले, रात्री तसेच गात परत आले आणि गाड्यांच्या तळाशी टबमन आणि तिची माणसं. पूल आता नवा आहे, तरी सायकलवरून उतरून चालत जा.

गॅरेटचं २२७ शिपली स्ट्रीटचं घर पाडलं गेलंय. मला आधी माहीत असतं तर मी एक तास शोधत बसलो नसतो. तिथे उभं राहून मला त्याचं १८५४ चं पत्र आठवलं, टबमन आणि एका माणसाचे बूट चालून चालून पार झिजून गेले होते म्हणून दोन डॉलर दिले आणि पुढे माझ्या खर्चाने गाडी करायला सांगितली, असं त्यात साधं हिशेबासारखं लिहिलंय. तरुणपणी घरात काम करणाऱ्या एका स्वतंत्र काळ्या बाईला पळवून नेलं तेव्हा त्याने गाडीच्या चाकाची तुटलेली धाव मातीत कशी उमटलीय ते बघत बघत माग काढून तिला सोडवलं होतं, तोच हा माणूस.

तिथून फोर्थ आणि वेस्ट स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या क्वेकर मीटिंग हाऊसला जायला चार-पाच चौकच आहेत पण चढ आहे, सायकली हातात धरा. जानेवारी १८७१ ला त्याची शवपेटी काळ्या लोकांनी खांद्यावरून इथे वर आणली. तो गेल्यावर दोनच वर्षांनी, १८७३ ला, जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामगिरीविरुद्ध झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केली, त्यात नाव कोणाचं नाही, पण मी तिथे गेलो ते तेच वाचून. कबरींचे दगड बुटके, साधे आहेत, गॅरेटचा सावकाश शोधा. भाच्याने सापडल्यावर हेल्मेट काढलं, मीही काढलं.