काळ्या पट्ट्यांचे पैसे

श्रावण सरत आला की माझ्या आयपॅडमध्ये दिवाळी अंकांची प्रुफे उतरू लागतात. पूर्वी छापखान्यातला मुलगा सायकलवरून खाकी पाकीट आणून देत असे आणि तांब्याभर पाणी पिऊन जात असे. आता पीडीएफ येते आणि पाणी कोणी मागत नाही. परवा दुपारी अशाच एका कथेत ‘त्यांनी’ या शब्दावर अनुस्वार आहे की काचेवर धुळीचा कण बसला आहे, हे मला काही केल्या ठरवता येईना. चिमटीने पान मोठे केले तेव्हा अनुस्वार दिसला, पण वाक्याचा शेवट काचेबाहेर गेला. पान लहान केले तेव्हा वाक्य परत आले आणि त्याबरोबर शंकाही परत आली. शेवटी पदराने काच पुसली, तर पानच उलटले. बाहेरचा एक मॉनिटर आणावा, तो या टॅब्लेटला जोडावा आणि प्रुफे ताठ बसून वाचावीत, असे तेव्हा मनाने घेतले. अट एकच होती: हे सारे प्रुफांच्या मानधनात बसले पाहिजे, म्हणजे मॉनिटर, जोडणी आणि रिक्षा धरून दहा हजारांच्या आत.

मॉनिटर आपण निवडतो असे आपल्याला वाटते, पण हातातला टॅब्लेट आपल्या आधीच अर्धी निवड करून बसलेला असतो. टाइप-सीचे ते चपटे, दोन्ही बाजूंनी चालणारे पोर्ट २०१४ साली ठरले तेव्हापासून सगळ्या यंत्रांची तोंडे बाहेरून सारखी दिसू लागली, आतून मात्र ती सारखी नाहीत. काही पोर्टांतून वीज, मजकूर आणि चित्र असे तिन्ही जाते, तर काहींतून केवळ वीज आणि मजकूर. आमच्या वहिनींच्या स्वस्त टॅब्लेटचे पोर्ट माझ्या आयपॅडच्या पोर्टासारखेच दिसते, तीच केबल त्यात तशीच खट्कन बसते, पण त्याला कितीही भारी मॉनिटर जोडला तरी तो काळाच राहणार, कारण चित्र बाहेर पाठवण्याची सोय त्यात मुळात केलेलीच नाही. केबलींचेही तसेच आहे. माझ्या आयपॅडच्या पेटीत आलेली पांढरी केबल चार्जिंगसाठी उत्तम आहे, चित्र मात्र ती नेत नाही. हे सारे मला भाच्याने सांगितले. “मावशी, दुकानात जाण्याआधी तुझ्या मॉडेलचं पान उघड आणि त्यात डिस्प्लेपोर्ट, म्हणजे चित्र बाहेर नेण्याची सोय, हा शब्द आहे का बघ,” असे तो म्हणाला, आणि तो शब्द तेथे होता.

त्याच पानावर खाली मात्र आणखी एक गोष्ट होती. माझा आयपॅड दहाव्या पिढीचा, २०२२ सालचा. ज्या आयपॅडांत एम-वन किंवा त्यापुढची चिप असते, त्यांना बाहेरच्या मॉनिटरवर वेगळे काम मांडता येते. माझा आयपॅड स्वतःच्या काचेवर जे आहे तेच मॉनिटरवर दाखवतो, त्याहून अधिक काही नाही. मला तेवढेच हवे होते. अडचण निराळीच होती. आयपॅडची काच आडवी धरली तरी तशी ठेंगणी-रुंद नसते. उंचीच्या दीडपटीहून थोडी कमी एवढीच तिची रुंदी असते. आताचे बहुतेक मॉनिटर मात्र सोळास नऊ या मापाचे, चित्रपटासाठी आखलेले. त्यामुळे आयपॅडचे चित्र मॉनिटरच्या मधोमध उभे राहते आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या उरतात.

या काळ्या पट्ट्यांनी माझी झोप उडवली म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण दुपारची डुलकी नक्कीच उडवली. ज्या घरात आलेली पाकिटे उलटी करून त्यांच्या आतल्या बाजूला वाण्याचा हिशेब लिहिला जाई, त्या घरात मी वाढले आहे. चोवीस इंची म्हणून जो मॉनिटर विकतात तो प्रत्यक्षात, कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपा मोजून, २३.८ इंचांचा असतो. त्यावर माझे चित्र तसेच तिरपे मोजून साडेवीस इंचांचे पडणार आणि उजवी-डावीकडे जवळजवळ दोन-दोन इंच काच काळी राहणार, म्हणजे विकत घेतलेल्या काचेचा सुमारे पाचवा हिस्सा. त्या अंधारावरही १८ टक्के जीएसटी भरायचा. शिवाय एलसीडीत काळा भाग म्हणजे विझवलेला दिवा नव्हे. मागचा दिवा तेथेही जळतच असतो, पुढचे स्फटिक त्याचा उजेड अडवून धरतात एवढेच. थोडक्यात, काहीही न दाखवण्यासाठी विजेचे बिलही भरायचे.

यावर मी एक हिशेब मांडला आणि तो मला अजूनही चोख वाटतो. वीस वर्षांपूर्वी कचेऱ्यांत जे चौकोनी मॉनिटर असत, ते पाचास चार या मापाचे. त्यांतल्या एकोणीस इंचीवर आयपॅडचे चित्र अठरा इंचांचे पडते. म्हणजे नवा चोवीस इंची घेऊन साडेवीस मिळणार आणि जुना एकोणीस इंची घेऊन अठरा; किमतीत मात्र चौपटीचा फरक. चटकन हलवता येतात म्हणून मुले जे साडेपंधरा इंची पातळ मॉनिटर घेतात, त्यांवर हेच चित्र साडेतेरा इंचांच्याही आत येते, म्हणजे आयपॅडहून दोन-अडीच इंचच मोठे. ते मी तेथेच काट मारून टाकले. दिवाणखान्यातला बत्तीस इंची टीव्ही तर फुकट होता, परंतु तो १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचा. दुरून मालिका बघायला तो ठीक आहे, पण हातभर अंतरावरून त्यावर जोडाक्षरे वाचणे म्हणजे पावसात भिजलेली भित्तिपत्रके वाचण्यासारखे होते.

सेकंड हँड मॉनिटरचे एक दुकान पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या मागे, एका अरुंद जिन्यावर आहे. तेथे भिंतीला टेकवून चौकोनी मॉनिटरांची रांग लावलेली होती. “कॅमेऱ्याला लावायचाय का, मॅडम?” असे मालकांनी विचारले, कारण हे मॉनिटर आता सोसायटीच्या पहारेकऱ्याच्या टेबलावरच जातात. प्रुफे वाचायची आहेत असे सांगितल्यावर त्यांनी एक पुसून चालू करून दिला. त्याचा पांढरा रंग शिळ्या साईसारखा पिवळट झाला होता, कारण त्या काळच्या मॉनिटरांत मागे एलईडी नसून बारीक ट्यूब असतात आणि त्या वयाबरोबर मंदावतात. चित्राच्या केबलीसाठी आता सर्रास असते ते एचडीएमआयचे तोंड त्याला नव्हते. होते ते निळे, पंधरा पिनांचे व्हीजीए, १९८७ सालच्या घराण्यातले. त्यासाठी मध्ये आणखी एक डबी लावावी लागणार होती. मी जरा बाजूला सरकून बघितले, तर चित्र राखाडी झाले. मान खाली घातली तर ते उलट्या छायाचित्रासारखे दिसू लागले.

तेव्हा मला सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यातले काका आठवले. वाड्यात टीव्ही त्यांच्याकडेच, लाकडी सरकत्या दारांचा, कृष्णधवल. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले आणि पुण्याला ते सिंहगडावरून मिळे, म्हणून पेठेतल्या प्रत्येक कौलावरचा अँटेना सिंहगडाकडे तोंड करून उभा असे. १९८२ साली आशियाई खेळांच्या वेळी रंगीत प्रक्षेपण आले, तेव्हा साऱ्या वाड्याचे डोळे काकांकडे लागले. रंगीत संच घेणे काकांना परवडत नव्हते असे नाही. पण चालू स्थितीतला संच टाकायचा कसा, हा त्यांच्यापुढे नैतिक प्रश्न होता. त्यांनी एक प्लास्टिकची पारदर्शक शीट आणली, वर निळी, मध्ये तांबूस, खाली हिरवी, आणि ती पट्ट्यांनी काचेवर बांधली. समुद्र आणि शेत दाखवले की ती शीट थोडीफार खरी ठरे. एरवी बातम्या सांगणाऱ्या बाईंचे कपाळ निळे, गाल तांबडे आणि गळ्याखाली हिरवळ. पुढच्या वर्षी त्या शीटच्या जागी भिंगाची शीट आली, तीवर बारीक वर्तुळे कोरलेली होती, आणि तिने चित्र खरोखरच मोठे केले. फक्त ते समोर, ठीक मध्यभागी बसणाऱ्यालाच सरळ दिसे. ती जागा काकांची. कडेला सतरंजीवर बसलेल्या आम्हा मुलांना सगळ्या नटांच्या हनुवट्या दाराबाहेर निघालेल्या दिसत. काका मधूनमधून विचारत, “दिसतंय ना रे मोठं?” आणि आम्ही एका सुरात हो म्हणत असू, कारण मधल्या वेळी काकू शेंगदाण्याचे लाडू देत असत.

अशा कडेच्या चित्रावर औषध म्हणजे आयपीएस पॅनेल, आणि आता ते स्वस्त मॉनिटरांतही असते. त्यात कडेने पाहिले तरी चित्र फारसे बदलत नाही. म्हणून जिना उतरून मी शेजारच्या नव्या मालाच्या दुकानात गेले, पण काळ्या पट्ट्यांचा राग डोक्यात होताच. पर्समध्ये शिवणकामाचा टेप होता. चोवीस इंची मॉनिटरच्या काचेची उंची मी मोजली, ती आली साडेएकोणतीस सेंटिमीटरच्या किंचित वर. हा आकडा ओळखीचा वाटला. मुद्रितशोधकाला तो ओळखीचा वाटणारच, कारण ए-फोर कागदाची उंची २९.७ सेंटिमीटर असते. पिशवीतून एक छापील प्रूफ काढून मी काचेवर उभे धरले. वरची कड वरच्या कडेला, खालची खालच्या कडेला. दुकानातला मुलगा माझ्याकडे बघत राहिला.

नंतर त्याच्याच कॅल्क्युलेटरवर पुढचा हिशेब केला. आयपॅड आडवा धरून समोरासमोरची दोन पाने उघडली, तर त्या जोडीचे माप आयपॅडच्या मापाच्या फार जवळ जाते, कारण ए-फोरची दोन पाने शेजारी ठेवली की रुंदी बेचाळीस सेंटिमीटर होते, आणि या मॉनिटरवर आयपॅडचे चित्र साडेबेचाळीसच्या आसपास पडते. म्हणजे नियतकालिकाची उघडी जोडपाने, वरची साधनपट्टी लपवली की जवळजवळ जशीच्या तशी, छापून येतील त्या आकारात, टेबलावर उभी. एकोणीस इंचीवर तीच पाने दहा टक्क्यांनी आखडतात. एवढ्या एका कारणासाठी मी काळ्या पट्ट्यांना तात्पुरती माफी दिली.

बाकीच्या गोष्टी भराभर ठरल्या. मुलगा सत्तावीस इंची दाखवू लागला, तो मी नाकारला, कारण १९२० गुणिले १०८० एवढेच ठिपके त्यात अधिक ताणून बसवलेले असतात; चोवीस इंचीत एका इंचात सुमारे ब्याण्णव ठिपके येतात, सत्तावीस इंचीत ब्याऐंशी. आयपॅडच्या स्वतःच्या काचेत ते २६४ असतात, तेव्हा मोठ्या पडद्यावर अक्षर मोठे होते, पण रेखीव होत नाही, हे कबूल करायलाच हवे. बारा पॉइंटातला अनुस्वार या मॉनिटरवर जेमतेम दोन ठिपक्यांचा भरतो. म्हणून पहिले वाचन जोडपानांवर करायचे, आणि दुसरे एकच पान रुंदीभर पसरून, जेव्हा अक्षर दुप्पट होते आणि ‘त्यानी’ लिहिणारा लेखक लपू शकत नाही. चौपट ठिपक्यांचा फोर-के मॉनिटर बजेटबाहेरचा होता, आणि माझा आयपॅड त्यावर सेकंदाला तीसच चित्रे पाठवू शकतो. खोक्यावर ठळक छापलेल्या १०० हर्ट्झचाही, म्हणजे सेकंदाला शंभर चित्रांचाही, मला उपयोग नव्हता, कारण १०८०च्या चित्रालाही आयपॅड साठाच्या पुढे जात नाही. वक्र मॉनिटरविषयी मला काही सांगू नये, असे मी मुलाला आधीच बजावले होते.

खर्चाची शेवटची मेख हबमध्ये, म्हणजे एका तोंडाची अनेक तोंडे करणाऱ्या डबीत, होती. आयपॅडला तोंड एकच. त्यात मॉनिटर जोडला की चार्जिंग बंद, आणि दिवाळी अंकाची प्रुफे एका बॅटरीत संपत नाहीत. ज्यात एचडीएमआयही आहे आणि चार्जरही लावता येतो असा हब घ्यावा लागला, आणि दहा हजारांतला मोठा लचका त्याने तोडला. रिक्षाचे पैसे त्यामुळे यादीतून वगळले. “एवढ्यात थोडे घालून जुना लॅपटॉप आला असता,” असे घरातल्या तिघांनी वेगवेगळ्या खोल्यांतून सांगितले. आला असता, पण लॅपटॉपच्या काचेवर मला लेखणीने काना-मात्रा दुरुस्त करता आल्या नसत्या, आणि हे वाक्य तीनदा म्हणून माझा घसा दुखला.

स्टँड बुटका निघाला, उंची कमी-जास्त करण्याची सोय महागड्या मॉनिटरांना असते. म्हणून खाली दोन जाड शब्दकोश घातले आहेत, आणि एखादा शब्द अडला की मॉनिटर उचलावा लागतो. काळ्या पट्ट्या वाया जात नाहीत. उजव्या पट्टीवर मी चिकटचिठ्ठ्या लावते, त्यांवर त्या-त्या लेखकाच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या आवडत्या चुका लिहिलेल्या असतात. डाव्या पट्टीवर संपादकांनी दिलेल्या तारखा आणि वाण्याची यादी. काचेवरचा लेप या गोंदाने जाईल, असे भाचा म्हणतो. जाऊ दे, तेथे काही दिसायचे नाहीच.